यात्रेचं वेळापत्रक तंदूर ठरवणार का?



हिवाळा आला की आपल्या घरोघरी गाड्या काढायचे बेत सुरू होतात. लातूरहून नांदेड, नांदेडहून माहूर, तिथला गड आणि लेणी बघून मुक्काम, दुसऱ्या दिवशी पुसद-वाशीममार्गे शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांचं दर्शन आणि परत. फेरी छानच आहे. पण या फेरीचा जो कागद अलीकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, तो एकदा नीट वाचा. नांदेडच्या बाहेर अमुक ढाबा, तिथला पनीर टिक्का. माहूरच्या अलीकडे तमुक ठिकाणी बार्बेक्यू, पुढे कंसात ‘जैन मिळतं’. परतीच्या वाटेवर रात्री तंदुरी रोटी आणि मलाई चाप. या थांब्यांच्या मधल्या फटींत गड, लेणी आणि भगवान बसवलेले असतात.

मला हे मान्य नाही. रस्त्यात चांगलं खावं, विस्तवावर भाजलेलं, धुराचा वास लागलेलं खावं, याला माझी अजिबात ना नाही. मला स्वतःला भाजलेल्या पदार्थाइतकं दुसरं काही आवडत नाही. माझं भांडण आहे ते थांबा कोण ठरवतं यावर. आज तो तंदूर ठरवतो. तो सूर्याने ठरवला पाहिजे.

आधी त्या ‘जैन मिळतं’कडे बघू. ढाब्यावर जैन म्हणजे कांदा-लसूण नाही, एवढंच. बटाटा आपण सांगून काढायचा, आणि आलंही चालत नाही हे सांगितलं की वाढपी आपल्याकडे दोन क्षण बघत राहतो. समजा, सगळं सांगितलं आणि त्याने सगळं ऐकलं. तरी टिक्का कसा होतो ते कुणी विचारलंय का? फडक्यात टांगून घट्ट केलेलं दही, त्यात तिखट, कसुरी मेथी, थोडं तेल आणि बेसन. बेसन नसेल तर दही पनीरला धरून राहत नाही, शिगेवरून विस्तवात गळून पडतं. म्हणून बेसन हवंच. आणि या कालवणात पनीर तासन्‌तास मुरत पडलेलं असतं. कच्चं दही आणि डाळीचं पीठ! घरी दहीवडे करायचे तर दही आधी तापवून घेणाऱ्या आपण, कढीला ताक गरम झाल्याशिवाय बेसन न लावणाऱ्या आपण, रस्त्यात हेच द्विदल ‘जैन टिक्का’ म्हणून मिटक्या मारत खातो.

पुढे रोटी. घरी थंडीत पीठ ७ दिवस, उन्हाळ्यात ५, पावसाळ्यात ३ अशी मर्यादा पाळून दळण आणणारी बाई ढाब्यावर विचारत नाही की ही कणीक कधी मळली. त्यात दही आहे का, खमीर आहे का, कालची उरलेली मिसळली का, काही नाही. शीग, चिमटा आणि बटर लावायचा ब्रश यांचं तर बोलायलाच नको. जिथे दोन्ही प्रकारचं जेवण शिजतं तिथे भट्टी सहसा एकच असते. दोघांची चरबी आणि लोणी त्याच कोळशावर गळतं आणि त्याच धुराचा वास आपल्या पनीरला लागतो. त्या वासाचंच आपण कौतुक करतो. पाकिटावर हिरवा ठिपका तरी असतो, शिगेला तो कुठे लावणार?

यात ढाबेवाल्याचा दोष नाही. त्याने पाटीवर जे लिहिलं ते त्याच्या समजुतीने खरंच आहे. समजूत आपली पातळ झाली आहे.

आणि समजा, एखादा निव्वळ शाकाहारी ढाबा सापडला, स्वच्छ, वेगळी भांडी, मालक शब्दाला जागणारा. असे ढाबे आहेत, मी नाकारत नाही. तरीही घड्याळाचं काय? ज्यांनी तंदूर कधी जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. ती मातीची मोठी भट्टी असते. कोळसा टाकून पेटवल्यावर भिंती रोटी धरण्याइतक्या तापायला तास-दीड तास सहज जातो, आणि कोळसा महाग. म्हणून हमरस्त्यावरचे बरेच ढाबे ती संध्याकाळच्या गिऱ्हाइकासाठीच पेटवतात. दुपारी तीनला जा, उत्तर ठरलेलं: ताई, तंदूर चालू नाही, तवा रोटी देतो. बार्बेक्यूवाल्यांचं तर नावातच रात्र आहे. दिवे, गाणी, थंडीत शेकोटी.

आता माहूरचा सूर्य बघा. डिसेंबरअखेर तिथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटं आधी जेवण आटपायचं म्हटलं तर पाचला हात धुवायला हवेत. तंदूर पेटतो सहाला. बेत आखणाऱ्याच्या मनात असो वा नसो, ज्या क्षणी कागदावर तंदूर लिहिला त्या क्षणी रात्रीचं जेवण लिहिलं गेलं. आणि रात्री न जेवणाऱ्या कोण? बहुतेक गाड्यांत त्या आपणच असतो.

मागच्या हिवाळ्यात आमच्या तीन गाड्या अशाच एका ढाब्यावर थांबल्या. चार वाजले होते. भट्टी पेटवायला वेळ आहे म्हणाले, पण ‘बसा, लगेच होईल’. पुरुषमंडळी खाटेवर आडवी झाली, मुलं मोबाइलवर. पाच वाजले, सव्वापाच झाले. मी दोनदा उठून म्हटलं की साधी भाकरी-वरण असेल तर आम्हाला तेवढं द्या. आतून उत्तर आलं की आता एकदमच ऑर्डर लागेल. पदार्थ टेबलावर आला तेव्हा बाहेरचे दिवे लागलेले होते. चोविहार करणाऱ्या आम्ही पाचजणी, त्यातल्या एकीचं वय पंचाहत्तर. पाणीही नाही. समोर ताटं वाजताहेत, आणि आमचेच एक भाऊजी प्रेमाने म्हणाले, ‘वहिनी, तुम्हाला काय, सवयच आहे.’

हे वाक्य मला अजून टोचतं. सवय आहे ती दिवसा जेवून रात्री न खाण्याची, दुसऱ्याच्या चैनीसाठी उपाशी राहण्याची नाही. उपवास मी संकल्प करून करते. दुसऱ्याने वेळ चुकवली म्हणून माझ्या पोटात काही गेलं नाही, तर त्याला तप म्हणून गौरवू नका. तो गैरव्यवस्थेचा प्रकार आहे, आणि त्याचं खापर धर्माच्या माथी फुटतं. पाठीमागे बसलेली कॉलेजातली पुतणी ते बघत होती. तिने त्यातून काय शिकायचं? की जैन असणं म्हणजे बायकांनी कोपऱ्यात बसून इतरांचं जेवण होईपर्यंत वाट बघणं?

इथे आपल्यातल्या ज्येष्ठ मंडळींचं उत्तर तयार असतं. ‘म्हणूनच बाहेरचं नको. घरून सगळं न्यायचं.’ मोठ्यांचा मान ठेवून सांगते, हेही मला पटत नाही. घरून न्यायचं म्हणजे कोणी करायचं? सातला गाडी निघणार म्हणून तीनला उठून दशम्या, धपाटे, चटणी, पुऱ्या, खाकऱ्यांचे डबे, गाळून उकळलेलं पाणी, वर जुन्या मंडळींसाठी वेगळा मऊ भात. गाडीत बसेपर्यंत ती बाई अर्धी संपलेली असते. माहूरच्या घाटात सागाची रानं सुरू होतात तेव्हा ती झोपलेली असते. थांब्यावर बाकीचे उतरून फोटो काढतात, ती डिकी उघडून ताटं मांडते. मग खरकटं, मग डबे, मग पुढच्या जेवणाचा हिशेब. तिने यात्रा केली की स्वयंपाकघर चाकांवर घालून नेलं?

आणि गंमत बघा, डबा आणि ढाबा एकमेकांचे वैरी नाहीत, एकमेकांना सांभाळून घेतात. बायकांचा डबा आहेच म्हणून पुरुष निर्धास्तपणे रात्रीचा तंदूर ठरवतात. ‘ज्यांना नाही चालत त्यांना डबा आहे की.’ माझी आई म्हणायची की घरात दोन चुली झाल्या की एकीवर नेहमी बाईच बसते. गाडीतही तेच.

मग खायचं काय? इथे मला आपल्या मराठवाड्याची कीव येते, इतकं समोर असून आपण ते बघत नाही. भाजून खाण्याची रीत आपल्याला कुणा शहरी हॉटेलाने शिकवायची गरज नाही. डिसेंबर-जानेवारीत लातूर सोडून अहमदपूर, लोहा करत नांदेडला जा. दोन्ही बाजूंनी शाळूची रानं उभी असतात, कणसात दूध भरून दाणा हिरवा असतो. हुरडा! शेतात आगटी खणायची, शेण्या पेटवायच्या, ज्वाळा बसून नुसता फुललेला निखारा राहिला की त्यात कणसं खुपसायची. मिनिटा-दोन मिनिटांत काढून गरम गरम तळहातावर चोळायची. हात भाजतात, चोळणाऱ्याच्या तोंडाकडे बघून मुलं हसतात. गुळभेंडी किंवा सुरतीचा हुरडा असेल तर साखर घातल्यासारखा गोड लागतो. सोबत गूळ, तीळ, शेंगदाणे, ओला ऊस. यापुढे तो मलाई चाप काय चीज आहे? आणि हुरडा ही दिवसाची गोष्ट आहे. शेतकरी सकाळी दहाला आगटी पेटवतो. सूर्याशी त्याचं भांडण नाही.

थोडं पुढे, फेब्रुवारीकडे, हरभऱ्याचा हुळा. ओली झाडं काडीकचऱ्यावर भाजायची आणि काळे घाटे फोडून आतले हिरवे दाणे खायचे. ओठ काळे, बोटं काळी. चुलीत भाजलेल्या ओल्या शेंगांना आपल्याकडे जमिनीखालच्या म्हणून काही जणी नाही म्हणतात, काही जणी खातात, ते ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीप्रमाणे. वांग्याचं भरीत तर आपल्यातल्या बहुतेकांना वर्ज्यच. पण टोमॅटो, हिरवी मिरची, मक्याचं कणीस विस्तवावर भाजायला कुणाची हरकत आहे?

काटेकोर नियम पाळणाऱ्या ताई आता मला अडवतील, आणि त्यांनी अडवावं. शेणीत जीव असतात, कणसात अळी असते, उघड्या विस्तवावर चिलटं येतात. खरं आहे. म्हणूनच मी दिवसाचा आग्रह धरते. दिवसा शेणी फोडून बघता येते, ओलसर आणि भुसभुशीत असेल तर बाजूला ठेवता येते. कणीस उलगडून बघता येतं. हुरडा सुपात घेऊन निवडता येतो. रात्री दिव्याखाली यातलं काहीच होत नाही, आणि बार्बेक्यूच्या शेगडीभोवती दिव्यावर झेपावणारे किडे किती जळतात ते तर कुणी मोजतच नाही. ज्यांना एवढ्या निवडण्यानेही समाधान नाही त्यांनी हुरडा खाऊ नये. त्यांच्यासाठी पुढे अर्धापूर आहेच, पण ते नंतर सांगते. आणखी एक: तारीख ठरवण्याआधी पंचांग बघा. अष्टमी-चतुर्दशीला हिरवं न खाणाऱ्या घरांनी त्या दिवशी हुरड्याला जायचं आणि मग सगळ्यांनी एकमेकांची तोंडं बघत बसायचं, असं नको. बेत आखणाऱ्याने ढाब्यांची यादी करण्याआधी करायचं काम हे आहे.

आता त्या मधल्या फटींत बसवलेल्यांबद्दल. शिरपूरच्या मंदिराचं दार सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२३ साली उघडलं. १९८१ पासून बंद होतं. बेचाळीस वर्षं आपल्या आज्या-पणज्या झरोक्यातून दर्शन घेऊन परत आल्या, कित्येक तर ते दार उघडलेलं न बघताच गेल्या. आणि आपण दुपारचं जेवण लांबलं म्हणून तिथे घाईघाईत पोचायचं, पाच मिनिटं हात जोडायचे आणि पुढच्या ढाब्याची वेळ होते म्हणून गाडीत बसायचं? आपल्या क्षेत्रांवर भोजनशाळा असतात. साधं, गरम, नियमात शिजलेलं, आणि सूर्यास्ताआधी वाढलं जाणारं. आदल्या दिवशी एक फोन करून किती ताटं लागतील ते सांगायचं, इतकंच. तो फोन कोणी करायचा म्हणाल, तर ज्याला तंदूरवाल्याचा नंबर पाठ आहे त्याने.

माहूरबद्दलही तेच. ते आपलं तीर्थ नसेल, रेणुकामातेचं आणि दत्तप्रभूंचं स्थान म्हणून महाराष्ट्र तिथे येतो. पण ते डोंगर, खाली पैनगंगा, खडकात कोरलेली पांडवलेणी, गडाची लांबच लांब तटबंदी, हे उन्हं उतरायच्या आत बघायचं असतं. आणि माहूरला गेलात तर मुलींना रायबागन सांगा. सावित्रीबाई देशमुख, माहूरच्या देशमुख घराण्यातली, मोगलांच्या बाजूने लढणारी सरदारीण. १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखानाने फौज उंबरखिंडीत घातली आणि शिवाजी महाराजांनी दोन्ही तोंडं बंद केली, तेव्हा ती त्या फौजेत होती. खान हट्टाने ज्या वाटेत शिरला होता तिच्यातून जीव वाचवायचा तर शरण जा, हे त्याला सांगणारी तीच. खंडणी भरून ती फौज बाहेर पडली. वाट कुणी निवडायची हा प्रश्न किती जुना आहे बघा. (तिची बाजू कोणती होती यावर वाद घालू नका, मी अक्कल कोणाची चालली ते सांगते आहे.)

‘पण मुलांचं काय? त्यांना हेच आवडतं. एवढे नियम लावलेत तर ती धर्मापासूनच दूर जातील.’ हा मुद्दा मला सगळ्यांत जास्त ऐकवला जातो. माझा अनुभव उलटा आहे. मुलांना विस्तव आवडतो, हाताने भाजणं आवडतं, हात काळे करणं आवडतं. टेबलावर बसून वाढप्याने आणलेली शीग त्यांना आवडते असं आपणच ठरवलं, कारण ते आपल्याला सोयीचं. मुलं दूर जातात ती पाटीवर एक आणि पोटात दुसरं असं बघून. द्विदल घरात पाप आणि ढाब्यावर ‘चालतं’, रात्रीभोजन आईला वर्ज्य आणि बाबांना ‘प्रवासात सूट’, हे त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळतं. ज्या बाबांना रात्री जेवायचं आहे त्यांनी जेवावं, तो त्यांचा आणि त्यांच्या नियमाचा प्रश्न. पण त्यासाठी अख्ख्या ताफ्याचं घड्याळ पुढे ढकलायचा अधिकार त्यांना कुणी दिला?

म्हणून या हिवाळ्यासाठी मी मंडळात जो बेत ठेवला आहे तो असा. सातला लातूर सोडायचं. नवकारशी गाडीतच होईल, पावणेआठच्या पुढे. दहाच्या सुमारास लोह्याच्या अलीकडे ओळखीच्या शेतात हुरडा, शेतकऱ्याला आधी सांगून आणि माणशी पैसे देऊन, फुकट नाही. नांदेडला न रेंगाळता अर्धापूर. तिथून हदगाव, उमरखेड, महागाव, धनोडा करत साडेतीनपर्यंत माहूर. चारला चुलीवरची ज्वारीची भाकरी आणि तुरीचं वरण. तिथल्या एका बाईंशी बोलणं झालं आहे, लसूण-आलं काहीही नाही, पाणी आम्ही गाळून देणार, आणि वाढायला पुरुष. पाचला सगळ्यांचे हात धुतलेले. गड दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात, मग शिरपूर. डबा फक्त खाकरे, मुरमुरे आणि चटण्यांचा. तोही वाटून घेतलेला, एका घरावर नाही.

हुरड्याबरोबर शेतावर जी चटणी मिळते तिच्यात लसूण असतोच, तेव्हा चटणी आपलीच न्या. जवस कोरडा भाजून, त्यात सुकी लाल मिरची, जिरं, थोडं सुकं खोबरं आणि मीठ, जाडसर कुटायचं. मिक्सरला तेल सुटतं म्हणून खलबत्ताच बरा. आणि अर्धापूर: तो सगळा केळीचा पट्टा आहे, रस्त्यालगत घड टांगलेले दिसतील. पिकलेली गाडीत खायला घ्याच, पण एक फणी कच्च्या केळ्यांची घ्या. माहूरला चूल विझत आली की सालीसकट निखाऱ्यात ठेवायची, साल पूर्ण काळी होऊन फुटेपर्यंत. मग सोलून, मीठ, मिरपूड आणि लिंबू. माझ्या सासूबाई त्यावर थोडं तूप सोडतात.